पोर्ट उघडूनही घरचा डीव्हीआर बाहेरून लागत नाही

प्रश्न:
घरी फायबर आहे. डीव्हीआरला (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डबा) १९२.१६८.१.६४ हा पत्ता कायमचा दिला, राउटरमध्ये ८००० पोर्ट (बाहेरून आत यायचं क्रमांकाचं दार) त्याच्याकडे वळवला, डीडीएनएसही (बदलत्या आयपी पत्त्याला कायमचं नाव देणारी सेवा) लावलं. वायफायवर कॅमेरे व्यवस्थित दिसतात, मोबाइल डेटावर मात्र टाइमआउट. चुकतंय कुठे?

उत्तर १:
राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी (राउटरचा बाहेरच्या बाजूचा पत्ता) बघा आणि 'माझा आयपी' दाखवणाऱ्या कुठल्याही साइटवरच्या आकड्याशी ताडून पाहा. वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ मधला असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे, म्हणजे इंटरनेट कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. एकच सार्वजनिक आयपी अनेक घरांना वाटलेला असतो, त्यामुळे बाहेरून आलेली विनंती कंपनीकडेच अडते, तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. मग पोर्ट कितीही उघडा, उपयोग नाही. वॅन १९२.१६८ ने सुरू होत असेल तर गोष्ट वेगळी: पुढे आणखी एक राउटर आहे, बहुधा फायबरचा डबाच. तो ब्रिज मोडवर टाका, म्हणजे तो राउटरचं काम न करता जोडणी नुसती पुढे देईल.

उत्तर २:
स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा सार्वजनिक पत्ता) विकत घेतलात तरी डीव्हीआरचा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका, ही कळकळीची विनंती. २०१६ मध्ये मिराई हा मालवेअर पसरला तो असेच कॅमेरे आणि डीव्हीआर धरून, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून. त्यापेक्षा घरी रास्पबेरी पाय (छोटा, स्वस्त संगणक) लावा, त्यावर आणि फोनवर टेलस्केल (आपली उपकरणं खासगी जाळ्यात जोडणारं व्हीपीएन) टाका. जोडणी घरातून बाहेर जाते, म्हणून सीजीनॅट आड येत नाही. पायवर १९२.१६८.१.०/२४ हा राउट (घरातल्या १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या सगळ्या पत्त्यांकडे जायचा रस्ता) जाहीर करा, म्हणजे डीव्हीआरवर काहीच बसवावं लागत नाही.

प्रश्नकर्ता:
वॅन १००.७२ ने सुरू होतो. पाय लावला. फोनवरून पाय लागतो, डीव्हीआर नाही.

उत्तर २:
दोन जागा तपासा. टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर तो राउट मंजूर करावा लागतो. नुसता जाहीर करून चालत नाही. आणि पायवर आयपी फॉरवर्डिंग (आलेलं पॅकेट पुढच्या उपकरणाकडे पाठवणं) १, म्हणजे चालू हवं, नाहीतर पॅकेट पायपाशीच थांबतं. अ‍ॅपमध्ये पत्ता १९२.१६८.१.६४ हाच ठेवा, डीडीएनएसचं नाव काढा.

चित्र अडखळलं तर सबस्ट्रीम (कमी दर्जाचं, हलकं चित्र) निवडा. थेट जोडणी जमली नाही की सगळं रिलेमधून, म्हणजे टेलस्केलच्या मधल्या सर्व्हरमधून जातं.

उत्तर १:
घरचा सबनेट (घरातल्या पत्त्यांचा सुरुवातीचा भाग) १९२.१६८.३७ असा काहीतरी करून घ्या, राउट आणि डीव्हीआरचा पत्ताही तसाच बदला, अगदी फोनमधल्या पत्त्यासकट. ऑफिसच्या वायफायवर १९२.१६८.१ च असेल तर फोन डीव्हीआरला तिथेच शोधत बसतो. शिवाय टेलस्केलमध्ये पायची की एक्स्पायरी (लॉगिनची मुदत) बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते. ती संपली की जोडणी तुटते आणि पुन्हा लॉगिन करायला कुणालातरी घरी जावं लागू शकतं.