पर्वरीच्या जुन्या घरात मलिदा: व्हीलचेअर, ठसका आणि कमी ऐकू येणारा मुलगा

पर्वरीकर
शालोम मंडळी. गोव्यात आपल्या बेने इस्रायल ज्यूंची मशीद (सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनाघर) नाही, त्यामुळे जे काही करायचं ते घरातच. 'तू बिश्वात' या झाडांच्या नववर्षाच्या सणाच्या सुमारास रविवारी आमच्या भाड्याच्या जुन्या घरात मलिदा (एलियाहू नबींच्या नावाने गोड पोहे आणि फळं ठेवून करायचा विधी) ठेवलाय. ठाणे, अलिबाग आणि मडगावहून मिळून पंचवीसेक माणसं येतील. मावशी पक्षाघातानंतर व्हीलचेअरवर आहेत, डावा हात चालत नाही, पातळ किंवा सुटं काही खाल्लं की ठसका लागतो. काकांना फक्त मोठ्या अक्षरातलं वाचता येतं. भाचा बारा वर्षांचा, त्याला कॉक्लियर इम्प्लांट (ऐकण्यासाठी शस्त्रक्रियेने बसवलेलं यंत्र) आहे, बोलतो छान, पण गलक्यात शब्द कळत नाहीत. पुढच्या वर्षी त्याचं बार मित्झवा (तेराव्या वर्षी धर्माने सज्ञान होण्याचा विधी) आहे. बलकांवाला (समोरच्या ओसरीला) चार पायऱ्या, उंची ६० सेंमी. तिघांना नुसतं कोपऱ्यात बसवून ठेवायचं नाही. काय काय करावं?

चिरेबंदी
बलकांवाकडून रॅम्पचा विचार सोडा. उताराचं प्रमाण १:१२ धरलं तर ६० सेंमीला ७.२ मीटर रॅम्प लागतो, शिवाय वर आणि खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. दोन मीटरचा घडीचा अ‍ॅल्युमिनियम रॅम्प १६ सेंमी उंचीपर्यंतच ठीक. तोच ६० सेंमीवर टाकला तर चढ जवळजवळ १:३ होतो, ढकलणाऱ्याचा पाय घसरतो आणि खुर्ची मागे कलंडते.

स्वयंपाकघराचं मागचं दार मोजा. जुन्या घरात तिथे बहुधा एखादीच पायरी असते. उंबरठ्यासकट १५ सेंमी भरली तर १.८ मीटरचा रॅम्प पुरे. १८ मिमी प्लायवूड, खाली दर ४० सेंमीला आडवी पट्टी, रुंदी निदान ९० सेंमी, दोन्ही कडांना ५ सेंमीची उभी पट्टी म्हणजे चाक बाहेर जाणार नाही. आत पोचल्यावर उंबरठ्याच्या पलीकडचा उतारही भरून काढा, तो हमखास विसरला जातो. खुर्ची ६५ ते ७० सेंमी रुंद असते, म्हणून दोन्ही फळ्या उघडून ८० सेंमी तरी मोकळे मिळायला हवेत. चिऱ्यावर शेवाळ असेल तर आदल्या आठवड्यात ब्लीचिंग पावडरने घासून घ्या.

चौघांनी मिळून खुर्ची उचलू नका. बऱ्याच खुर्च्यांचे हात आणि पायटे काढता येणारे असतात, ते ऐन पायरीवर हातात येतात. उचलावंच लागलं तर फक्त सांगाड्याला धरा.

आणि मावशींना एकट्यांना मागून आणू नका. त्या दिवशी सगळ्यांनीच त्या दाराने यावं, चपलाही तिथेच. त्या दाराला मेझुझा (चौकटीवर लावायची, आत धर्मवचनं असलेली डबी; येताजाता तिला हात लावतात) हवाच. नियम वरच्या तिसऱ्या भागाचा आहे, म्हणजे दार २१० सेंमी असेल तर १४० सेंमीपासून वर, पण अगदी माथ्याला टेकवून नाही. बरोबर १४० ला लावा, मावशींचा उजवा हात तिथवर पोचेल का ते खुर्चीत बसवून पाहा. न पोचल्यास हरकत नाही, हात लावणं हा रिवाज आहे, कायदा नाही.

मनुका_शरबत
आधी बैठक. सगळे खाली चादरीवर आणि एकट्या मावशी वर खुर्चीत, असं करू नका. टेबल मांडा, सगळेच खुर्चीवर. टेबलाखाली निदान ७० सेंमी मोकळं असावं, नाहीतर गुडघे अडतात आणि त्या ताटापासून हातभर लांब राहतात. खुर्ची वळायला दीड मीटरचा गोल रिकामा ठेवा.

पंचवीस जणांना साधारण १ किलो जाडे पोहे, २ नारळ, ४०० ग्रॅम गूळ, वेलची. मावशींना हा मलिदा तसाच देऊ नका. पोह्याचे दाणे आणि खोबऱ्याचा कीस तोंडात सुटे पसरतात, एकत्र गोळा होत नाहीत, म्हणूनच ठसका लागतो. त्यांच्यासाठी चार चमचे पोहे कोमट नारळाच्या दुधात १५ मिनिटं भिजवून गुळासह वाटा आणि गाळणीतून काढा. चमचा तिरका केला की लगदा एकसंध घसरून पडला पाहिजे. थेंब थेंब गळला तर पातळ आहे, चमच्याला चिकटून राहिला तर घट्ट. त्यांच्या स्पीच थेरपिस्टने घट्टपणाची पायरी ठरवून दिली असेल तर तीच पाळा. खायला ताठ बसवून, अर्धा अर्धा चमचा, उजव्या बाजूने. खाल्ल्यावर अर्धा तास आडवं करू नका.

बेराखा (खाण्याआधीचा आशीर्वाद) मात्र त्यांनी स्वतः म्हणावी. खजुराची बी काढून लगदा केला तरी बेराखा झाडाच्या फळाचीच राहते, शुल्हान आरूख या धर्मनियमांच्या ग्रंथात (ओराह हाईम २०२:७) हे स्पष्ट आहे. कुस्करलेल्या केळ्याची जमिनीच्या पिकाची. खाण्याआधीच्या बेराखेला कणभर पुरतं, त्यामुळे "निदान एक खजूर तरी खा" असा आग्रह कुणी करू नये. गुलाब किंवा सब्जाची काडी वासाच्या बेराखेला फिरते, ती मावशींच्या उजव्या हातात द्या आणि पहिली बेराखा त्यांच्याकडून म्हणवून घ्या.

किद्दुशचा (पेयावर म्हणायच्या बेराखेचा) मनुकांचा रस पातळ असतो. तो त्यांनी प्यायलाच हवा असं नाही, म्हणणाऱ्याने प्यायला आणि त्यांनी ऐकून आमेन म्हटलं की झालं.

आमेन_मडगाव
भाच्याबद्दल. उंच छप्पर आणि गुळगुळीत फरशी असली की आवाज घुमतो, इम्प्लांटला तेच जड जातं. सतरंज्या अंथरा, जाड पडदे सोडा. खुर्च्या घोड्याच्या नालेसारख्या मांडा. त्याची इम्प्लांटची बाजू हझ्झानकडे (प्रार्थना म्हणवून घेणाऱ्याकडे), अंतर दीड मीटरच्या आत. हझ्झानची पाठ खिडकीकडे नको, तोंड काळं दिसतं आणि ओठ वाचता येत नाहीत. "एलियाहू हन्नाबी" हे गीत सगळे एकदम म्हणतात तेव्हा त्याला फक्त गोंगाट पोचतो. कडवी आठवडाभर आधी लिहून द्या आणि कुणीतरी टेबलावर ठेका धरा, तो बोटांना कळतो.

बार मित्झवा शब्बाथला (शनिवारी, विसाव्याच्या दिवशी, तेव्हा यंत्रं वर्ज्य) ठेवायचा हट्ट नको. तोरा (धर्मग्रंथ) सोमवारी आणि गुरुवारीही वाचतात. त्या दोन वारी माइक, त्याच्या यंत्राला जोडायचा वायरलेस माइक, मोबाइलवरची अक्षरं, गाडी, सगळं चालतं. वाचणाऱ्याने याद (ओळीवर फिरवायची टोकदार कांडी) शब्दागणिक सरकवावा, घाई करू नये. मुलगा कानापेक्षा त्या टोकावर वाचन पकडतो.

"बहिऱ्याला मिन्यानमध्ये (प्रार्थनेला लागणाऱ्या दहा पुरुषांत) धरत नाहीत" असं कुणी म्हणालं तर मिश्ना हा जुना धर्मनियमांचा ग्रंथ दाखवा, तेरुमोथ १:२. तिथला हेरेश म्हणजे ऐकूही येत नाही आणि बोलताही येत नाही असा माणूस. हा मुलगा बोलतो. तेरा वर्षं पुरी झाली की तो दहांतला एक.

पर्वरीकर
मागचं दार मोजलं. १४ सेंमी, मोकळी रुंदी ८४. काकांसाठी छापायचं कसं? मावशी शुक्रवारीच येणार आहेत, शब्बाथला खुर्ची ढकलली तर चालेल का?

चिरेबंदी
१४ ला १.७ मीटर पुरे. तुमच्या एकट्याच्या घराच्या पक्क्या कुंपणाच्या आत ढकलायला अडचण नाही. प्रश्न फाटकाबाहेर रस्त्यावर येतो, त्याचं उत्तर रब्बींकडून (धर्मगुरूंकडून) घ्या.

आमेन_मडगाव
देवनागरीत हिब्रू उच्चार, २० ते २४ पॉइंट, जाड सरळ अक्षर, फिकट पिवळा न चमकणारा कागद. ग्लॉसी कागदावर दिव्याची तिरीप पडते आणि ओळच नाहीशी होते. एका ओळीत एक वाक्यखंड, पानाअखेरीस वाक्य तोडू नका. स्पायरल बाइंडिंग करा, पान सपाट राहतं. तपासणीच्या प्रतींत देवाच्या नावाऐवजी ह' टाका, नाहीतर चुकलेली पानंही गेनिझात (देवाचं नाव असलेले जुने कागद जपून ठेवायच्या जागी) ठेवावी लागतात. कागद आठवडाभर आधी काकांच्या हातात द्या आणि मलिद्याच्या ताटात काय कुठे आहे ते घड्याळाच्या काट्यांनी सांगा: खजूर बारावर, केळं तीनवर, पोहे मध्ये. एलियाहूचं पहिलं कडवं त्यांच्याकडे सोपवा.