उणे 63 अंशांत राहणारा प्राणी, त्याच्या अंगात रक्त कसलं ठेवू?

सडेकर:
नमस्कार मंडळी. मी वास्कोचा, ध्रुवीय संशोधन केंद्र आमच्या सड्यावरच, त्यामुळे लहानपणापासून अंटार्क्टिकाचं वेड, 1981च्या डिसेंबरात आपली पहिली मोहीम गोव्यातूनच निघाली हे बाबांच्या तोंडून किती वेळा ऐकलंय. आता दिवाळी अंकासाठी विज्ञानकथा लिहितोय. ग्रहावर बारा महिने उणे 63 अंश, आणि तिथले प्राणी मी अस्वलासारखे केसाळ केलेत. काल भाचीनं विचारलं, मामा, केस ठीक आहेत पण आतलं रक्त का नाही गोठत? मला काही सुचेना. प्लीज सांगा, पटेल असं कारण हवंय.

फोंड्याची बाय:
भाचीनं नेमकं धरलं! केस ऊब तयार करत नाहीत, आतली ऊब फक्त धरून ठेवतात, म्हणजे केसाळ प्राण्याला सतत खायला लागणार आणि तुमच्या बर्फाळ ग्रहावर एवढं खाणं उगवणार कुठे? त्यापेक्षा त्याला बाहेरच्याइतकाच थंड ठेवा. अंटार्क्टिकाच्या समुद्रात पाणी उणे 1.9पर्यंत जातं, तिथल्या माशांच्या रक्तात एक प्रथिन असतं, ते बर्फाच्या बारीक कणांना चिकटतं आणि वाढूच देत नाही. काही आइसफिशचं रक्त तर बिनरंगाचं, हिमोग्लोबिनच नाही, थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो म्हणून भागतं. पण ही युक्ती शून्याखाली दोनेक अंशच चालते, तुम्हाला 63 हवेत.

आणि रक्ताइतकीच चरबी महत्त्वाची. जानेवारीत सकाळी खोबरेल बाटलीत थिजतं की नाही? तारल्यांचं तेल मात्र पातळच राहतं, कारण त्याच्या रेणूंच्या साखळ्या वाकड्या, एकमेकींना घट्ट चिकटून बसत नाहीत. पेशीचं आवरण चरबीचंच असतं, ते खोबरेलासारखं थिजलं तर आत-बाहेर काही जाणारच नाही. तुमच्या प्राण्याचं आवरण तारल्याच्या तेलाहून कितीतरी पातळ लागेल.

बेतीकर:
रक्तात अमोनिया घाला. मी बर्फाच्या कारखान्यात काम केलंय, जेटीवर होड्यांना जो बर्फ जातो तो अमोनियाच्या जोरावरच बनतो, नुसता अमोनिया उणे 78ला गोठतो आणि पाण्यात साधारण तिसरा हिस्सा मिसळला तर मिश्रण उणे 97च्या आसपास जाईपर्यंत पातळ राहतं. म्हणजे उणे 63ला आरामात वाहील. वास मात्र असा की नाकातोंडातून पाणी. तुमच्या माणसानं हेल्मेट काढलं की प्राणी दिसायच्या आधी वास येऊ दे, आणि त्याला उघड्या हातानं शिवू नका म्हणावं, आपला 37 अंशांचा हात त्याला तापलेल्या तव्यासारखा लागेल.

सडेकर:
दादा, तव्याचं वाचून अंगावर काटा आला, माझ्या कथेत नायक त्याला मिठीच मारतो!! बदलतो. म्हणजे आता हा बिनकेसाचा, थंड रक्ताचा, मग शिकारीमागे धावेल ना?

फोंड्याची बाय:
धावणार नाही ना, तेच सांगायचं राहिलं. ढोबळ हिशोब असा, दर 10 अंशांनी शरीरातल्या रासायनिक क्रियांचा वेग निम्मा होतो. आपण 37, तो उणे 63, फरक 100 अंशांचा, म्हणजे दहा वेळा निम्मा, 1024 पट हळू. आपला एक श्वास चार सेकंदांचा, त्याचा तासाभराहून जास्त. आपण एका दिवसात करतो ते करायला त्याला जवळजवळ तीन वर्षं. त्याची एन्झाइमं, म्हणजे या क्रिया घडवून आणणारी प्रथिनं, थंडीला सरावलेली, सैल घडणीची दाखवली तर थोडा वेग वाढेल, पण धावपळ विसरा.

मला विचाराल तर कथा खरी इथे सुरू होते. ग्रीनलंड शार्क बघा, थंड पाण्यातला, वयात यायलाच साधारण 150 वर्षं घेतो असा 2016च्या अभ्यासाचा अंदाज आहे. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री तळावर हिवाळा काढणारी टीम दरवर्षी बदलते, तसा तुमच्या ग्रहावर तळ ठेवा. पहिल्या टीमला तो दगड वाटू दे. दुसरीतल्या कोणीतरी जुने फोटो लावून बघावेत, दगडाची मान हातभर वळलेली. तिसरी टीम उतरेल तेव्हा तो तळाच्या दाराकडे बघत असेल.

सडेकर:
बाय, मिठीचं पान फाडलं. आज रात्री पहिल्यापासून लिहायला बसतो.