मदत हवी आहे : सी भाषेतील मोठ्या प्रणालीत एक फंक्शन नेमके कुठून कॉल होते ते सापडत नाही

नमस्कार.

मी सांगलीत एका लहान सॉफ्टवेअर कार्यालयात काम करतो. वजनकाट्यावरील पावतीपासून शेतकऱ्याच्या ऊसबिलापर्यंतची कामे सांभाळणारी, साखर कारखान्यासाठी सी भाषेत लिहिलेली सुमारे ३ लाख ओळींची एक जुनी प्रणाली सध्या माझ्याकडे आली आहे. ती लिहिणाऱ्यांपैकी आता येथे कोणीही नाही, आणि दस्तऐवज म्हणावेत तर प्रत्येक फाइलच्या माथ्यावर केवळ तारीख आहे.

काही बिलांत निव्वळ रक्कम एका रुपयाने चुकते. पैशांचे पूर्ण रुपये करणारे 'राउंड_रुपी' हे फंक्शन (कोडचा नाव दिलेला तुकडा) प्रत्येक कपातीवर स्वतंत्रपणे आणि नंतर निव्वळ रकमेवर पुन्हा लागू होत असावे, असा माझा कयास आहे. एक रुपया क्षुल्लक वाटेल. पण त्यामुळे सोसायटीच्या कर्जाची कपात यादीशी जुळत नाही. शिवाय ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागत असल्याने गळीत हंगाम सुरू झाल्यावर प्रयोग करायला उसंत राहत नाही. म्हणून या फंक्शनला हात लावण्याआधी त्याला कॉल करणारे सर्व जण मला माहीत हवेत.

ग्रेप या मजकूर शोधणाऱ्या साधनाने शोधल्यावर टिप्पण्या आणि छपाईचे मजकूर यांचाच भरणा झाला. सी भाषेतील कोड धुंडाळणाऱ्या सीस्कोपने मात्र ११ ठिकाणे नीट दिली. नंतर जीडीबी या दोष शोधण्याच्या साधनात 'राउंड_रुपी'वर ब्रेकपॉइंट (प्रोग्राम तिथे थांबवणारी खूण) लावून चुकणारे एक बिल चालवले, तेव्हा बॅकट्रेसमध्ये (चालू कॉलांची यादी; प्रत्येकाच्या खाली त्याला कॉल करणारा) 'राउंड_रुपी'च्या लगेच खाली 'बिल_प्रिंट' दिसले. कोडे इथेच आहे, कारण 'बिल_प्रिंट' मी ओळ न् ओळ वाचले असून त्यात 'राउंड_रुपी'चा उल्लेखही नाही. कोडवरून कॉलांचे आलेख काढणाऱ्या डॉक्सिजनच्या आलेखातही या दोघांमध्ये रेघ नाही. कोणावर विश्वास ठेवावा?

प्रतिसाद

दोघेही आपापल्या परीने खरे सांगत आहेत. आपण बहुधा ऑप्टिमायझेशनची (कोड वेगवान करण्यासाठी कंपायलर करतो त्या फेरफारांची) दुसरी पातळी ठेवून कंपाइल केले असावे. एखादे फंक्शन शेवटच्या वाक्यात दुसऱ्या फंक्शनला कॉल करून त्याचेच उत्तर जसेच्या तसे परत देत असेल, तर त्या पातळीवर जीसीसी हा कंपायलर कॉलऐवजी सरळ उडी घालतो आणि मधल्या फंक्शनची चौकट (त्याची नोंद) स्टॅकवर, म्हणजे चालू कॉलांच्या नोंदींच्या रचेवर, उरत नाही. म्हणजे 'बिल_प्रिंट' आणि 'राउंड_रुपी' यांच्यामध्ये एक कडी आहे, ती फक्त दिसत नाही. ऑप्टिमायझेशन बंद करून पुन्हा बांधा आणि तेच बिल चालवा.

'बिल_प्रिंट'मध्ये फंक्शन पॉइंटरच्या (फंक्शनचा पत्ता धरणाऱ्या चलांच्या) तक्त्यातून होणारा कॉल आहे का, हेही पाहावे. सीस्कोप प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी मॅक्रो उलगडणारा टप्पा) न चालवता मूळ मजकूर वाचते, त्यामुळे मॅक्रोने (ज्याच्या जागी ठरलेला कोड भरला जातो अशा नावाने) दोन तुकडे जोडून तयार केलेले नाव त्याला कळत नाही आणि पॉइंटर कुठे नेतो तेही कळत नाही. आपल्या ११ ठिकाणांपैकी एखादे हेडर फाइलमधील (इतर फाइलींत समाविष्ट होणाऱ्या सामाईक फाइलमधील) आहे का? असल्यास ते हेडर वापरणाऱ्या फाइलींवर केवळ प्रीप्रोसेसर चालवून आलेला मजकूर सीस्कोपला द्या. नावे पूर्ण दिसतील.

मात्र जीडीबी केवळ चाललेली वाट दाखवतो. न चाललेल्या वाटा त्या एका बिलात येणार नाहीत.

मूळ प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. अकरावे ठिकाण हेडरमध्येच होते. सीस्कोपने कॉल करणाऱ्याच्या जागी मॅक्रोचे नाव दाखवले होते, आणि ते नाव शोधून पाहण्याचा कंटाळा मी केला, हे कबूल करतो. तो मॅक्रो ७ वेळा वापरलेला आहे : सोसायटी, तोडणी-वाहतुकीची उचल, ठेव वगैरे प्रत्येक कपातीसाठी तो एक फंक्शन घडवतो, त्याचे नाव 'कपात_' या तुकड्याला प्रकार जोडून बनते आणि त्याची शेवटची ओळ 'राउंड_रुपी'चे उत्तर परत देते. ही सातही फंक्शने एका तक्त्यात आहेत आणि 'बिल_प्रिंट' कपातीच्या क्रमांकावरून त्या तक्त्यात शिरते. ऑप्टिमायझेशन काढल्यावर बॅकट्रेसमध्ये मधली कडी लगेच उगवली.

आता 'राउंड_रुपी'ला न छेडता मॅक्रोची ती एकच ओळ बदलायची आहे. तत्पूर्वी सातही प्रकारच्या कपाती असलेली गेल्या हंगामातील बिले काढून जुन्या आणि नव्या रकमा ताडून पाहतो. ठेवीची कपात असलेले बिल अजून हाती लागलेले नाही, तोवर धागा उघडा ठेवत आहे.