जोखीम, धोका की शक्यता? (रुग्णांसाठीच्या पत्रकातला शब्द)

रानजाई
एआरटी केंद्रात (एचआयव्हीची औषधं, म्हणजे एआरटी, मिळतात तिथे) येणाऱ्यांसाठीच्या एका पत्रकाचं मराठी करते आहे. एचआयव्हीची औषधं नियमित चालू असली, विषाणू दबलेला असला, तरी या लोकांमध्ये हृदयविकाराचं प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतं. म्हणून चाळिशी ओलांडलेल्यांनी कोलेस्टेरॉलवरच्या स्टॅटिन गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलावं, असं पत्रक सांगतं. आधार 'रिप्रीव्ह' चाचणीचा. भारतासह १२ देश, ७,७६९ माणसं, वय ४० ते ७५. निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन, निम्म्यांना तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी. फायदा इतका स्पष्ट दिसला की २०२३ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली.

अडलंय ते या वाक्यावर: 'या गोळीमुळे हृदयविकाराच्या मोठ्या घटनांची जोखीम ३५ टक्क्यांनी कमी होते.' तपासनीसांनी 'जोखीम' खोडून 'धोका' केलं. जोखीम माणूस आपणहून पत्करतो, आजाराची जोखीम नसते, असं त्यांचं म्हणणं. केंद्रातल्या समुपदेशक म्हणतात, 'शक्यता' लिहा, 'धोका' वाचून लोक घाबरतात. तुम्ही काय लिहाल?

पोफळी
माझ्या आजीच्या तोंडी 'जोखीम' म्हणजे सोनं. 'अंगावर जोखीम घालून यष्टीत चढू नको', 'घरात जोखीम आहे, कडी नीट लाव.' तिच्या वयाच्या बाईने तुमचं वाक्य वाचलं तर गोळी घेतल्यावर दागिने कमी होतात की काय, असं वाटेल. 'धोका'च ठेवा.

शब्दवेडा
पोफळीताई, तुमच्या आजीचा अर्थ जुना आणि अस्सल. पण त्यातूनच 'जोखीम' इथे योग्य ठरतो. मौल्यवान वस्तू आणि ती गमावण्याचं भय, दोन्ही एकाच शब्दात. व्यापारात 'जोखमी हुंडी' असायची. माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे मिळायचे, गलबत बुडालं तर नुकसान हुंडी घेणाऱ्याचं. विम्यातली जोखीम हीच. शिवाय मला हा शब्द 'जोखणे'शी जोडलेला वाटतो. तोलून पाहावं ते जोखीम. चाचणीत तरी दुसरं काय करतात?

'धोका' मात्र नको. हिंदीत तो विश्वासघात, आणि तो अर्थ आता मराठीतही घुसलाय. 'प्रेमात धोका' ऐकत वाढलेल्या पिढीला 'हृदयाला धोका' म्हणजे काय वाटेल?

पोफळी
'जिवाला धोका' कुठल्या मराठी माणसाला कळत नाही? 'धोक्याचं वळण' ही पाटी वाचून विश्वासघात झाला असं कुणी म्हणत नाही. आणि 'जोखणे'ची व्युत्पत्ती तुमची आवडती आहे, सिद्ध झालेली नव्हे.

डॉ_मिरज
शब्द कुठलाही ठेवा, पण '३५ टक्क्यांनी' हे एकटं ठेवू नका. माझ्या रुग्णांत दोन प्रकारचे गैरसमज होतात. एक, शंभरातले पस्तीस वाचले. दोन, आधी शंभर टक्के झटका येणारच होता, आता पासष्ट टक्के येईल. चाचणीतला आकडा असा: गोळी न घेणाऱ्यांत दर हजार माणसांमागे वर्षाला ७.३२ जणांना असा त्रास झाला, घेणाऱ्यांत ४.८१ जणांना. म्हणजे हजारांत वर्षाला अडीच जण कमी. सुमारे पाच वर्षांच्या काळात हजारामागे बारा-तेरा. फायदा खरा आहे, मी ही गोळी देतोही, पण तो या मापाचा आहे.

उलट बाजूने जास्त नुकसान होतं. २००८ मध्ये 'डी-ए-डी' अभ्यासातून आलं की अबाकाविर हे एचआयव्हीचं औषध अलीकडच्या काळात घेतलेल्यांमध्ये हार्ट अटॅकची जोखीम ९० टक्क्यांनी वाढलेली दिसते. '९० टक्के' वाचून माणूस औषध बंद करू शकतो. त्या अभ्यासात ३३,३४७ जण होते आणि अटॅक आलेले ५१७, तेही सगळी औषधं धरून. औषध बदलायचं की नाही हे डॉक्टरने ठरवायचं असतं, पण एआरटी आपल्या मनाने सोडणं सगळ्यात वाईट. २००६ च्या 'स्मार्ट' चाचणीत उपचार मध्येच थांबवणाऱ्यांतच मृत्यू जास्त झाले होते.

आणि 'मोठ्या घटना' म्हणजे फक्त हार्ट अटॅक नव्हे. पक्षाघात, छातीत दुखून भरती होणं, अँजिओप्लास्टी किंवा बायपास, हृदयविकाराने मृत्यू हे सगळं त्यात मोजलंय. हे पत्रकात सांगायला हवं.

रानजाई
डॉक्टर, हजारातले आकडे घालते, यावर वाद नाही. पण 'घटना' खटकतोय. पोलिसांच्या पंचनाम्यासारखा वाटतो. 'झटके' लिहू का?

आडसाली
'झटका' नको ताई. आमच्याकडं फिट आली तरी 'झटके आले', अर्धांगवायू झाला तरी 'झटका आला', इलेक्ट्रिकचा शॉक बसला तरी 'झटका बसला'. माझ्या चुलत्याला 'कधी झटका आला होता का' असं डॉक्टरांनी विचारलं, त्यांनी लहानपणच्या फिटा सांगितल्या. अटॅकचं विचारायचं होतं, ते नंतर कळलं. सरळ 'अटॅक' लिहा. गावात तोच चालतो.

शब्दवेडा
'हृदयाघात' हा सुंदर शब्द असताना 'अटॅक' कशाला? 'पक्षाघात' आपण वापरतोच ना? दोन्ही आघात, एक हृदयाचा, एक शरीराच्या एका बाजूचा. वाचकाला जोडीही कळते.

पोफळी
वर्तमानपत्रं वर्षानुवर्षं 'हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने निधन' छापतायत. 'हृदयाघात' हिंदी बातम्यांतून आलाय. तुम्ही 'धोका' हिंदीचा म्हणून काढता आणि 'हृदयाघात' आत घेता, हे कसं?

शब्दवेडा
संस्कृत तत्सम शब्द कुणा एका भाषेचा नसतो.

सावली_समुपदेशक
मी एआरटी केंद्रात बसते. आमच्याकडे बायका 'धोका' म्हणत नाहीत, 'जोखीम' म्हणत नाहीत, 'शक्यता' तर अजिबात नाही. त्या म्हणतात 'भीती'. परवा एक पन्नाशीची बाई एआरटीचं पुस्तक मांडीवर ठेवून, त्यातला आपला सीडी-४ चा, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशींचा, आकडा बोटाने दाखवत विचारत होती, 'एवढं वाढलंय, तरी अटॅकची भीती हाय का?' तिला घाबरल्यासारखं वाटत नव्हतं. 'पावसाची भीती आहे' म्हणतो तसंच ते. मी तिला म्हटलं, भीती आहे, पण कमी करता येते. तिने लगेच विचारलं, 'कशानं?' तंबाखूपासून सुरुवात केली मी. मिश्री लावायची ती.

त्यामुळे मला वाटतं, 'अटॅक यायची भीती कमी होते' असं लिहा. खाली डॉक्टरांचे आकडे.

शब्दवेडा
सावलीताई, तुमचा अनुभव मोलाचा, पण बोलणं आणि लिहिणं यांत फरक असतो. 'भीती कमी होते' याचा अर्थ माणूस कमी घाबरतो असाही होतो. आजार तेवढाच राहिला आणि घाबरणं कमी झालं, तर ते पत्रक फसवं ठरेल. म्युच्युअल फंडांच्या जाहिरातींनी 'बाजारातील जोखीम' घरोघरी पोचवली. 'आरोग्याची जोखीम'ही पोचेल.

सावली_समुपदेशक
पोचेल तेव्हा पोचेल. माझ्या खुर्चीसमोर बसलेल्या बाईला आज कळायला हवं.

रानजाई
तूर्त असं करते: मथळ्यात 'हार्ट अटॅक आणि पक्षाघात', मजकुरात 'अटॅक येण्याची शक्यता', आणि लगेच खाली हजारातले आकडे. 'जोखीम' डॉक्टरांसाठीच्या पानावर. आता दुसरं वाक्य: 'एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्ती'. तपासनीसांना 'संसर्ग' हवाय.

पोफळी
'एचआयव्हीसह जगणाऱ्या व्यक्ती' लिहा. 'लागण'मध्ये दोष दिल्यासारखं वाटतं.

आडसाली
'लागण'मध्ये कसला दोष? आमच्याकडं उसाची लागण असते. पहिल्या वर्षी लागण, दुसऱ्या वर्षी तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून फुटतो तो खोडवा. चांगला शब्द आहे.

पोफळी
कोकणात झाडाची लागवड होते, लागण रोगाची.

आडसाली
ताई, सुरू, पूर्वहंगामी, आडसाली, तिन्ही हंगामांना आम्ही लागणच म्हणतो. साखर कारखान्यात नोंद करायला गेलं तर 'लागणीची तारीख' हेच पहिलं विचारतात.

शब्दवेडा
'लागणे'पासून दोन्ही. आग लागते, डोळा लागतो, रोग लागतो, रोपही लागतं. 'खोडवा' मात्र 'खोड'पासून. सांगलीकडे त्याच्या पुढच्या पिकाला काही वेगळं नाव आहे का?

आडसाली
निडवा. पण तो फार कोणी ठेवत नाही, उतारा पडतो, म्हणजे उत्पन्न कमी येतं.