मदत हवी आहे: १९६७ च्या स्टॅन्ली कपमधील शेवटचा फेस-ऑफ

सप्रेम नमस्कार.

टोरांटोतील आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी मी १९६७ च्या स्टॅन्ली कपच्या (उत्तर अमेरिकेतील एनएचएल या आइस हॉकी लीगच्या करंडकाच्या) अंतिम मालिकेवर लेख लिहीत असून त्यातील एका प्रसंगाचा उलगडा मला होत नाही. आइस हॉकीच्या जाणकारांनी मदत करावी, ही विनंती.

टोरांटो मेपल लीफ्स आणि माँट्रियल कॅनेडियन्स यांचे हाडवैर जुने आहे. त्या वर्षी कॅनडाची शताब्दी होती, माँट्रियलमध्ये एक्स्पो ६७ भरले होते आणि कॅनेडियन्सनी त्याआधी लागोपाठ दोनदा करंडक जिंकला होता. लीफ्सचा संघ मात्र वयस्कर होता. गोलरक्षक टेरी सॉचक ३७ वर्षांचा, तर जॉनी बॉवर ४२ वर्षांचा! तरीही त्यांनी मालिकेत ३-२ अशी आघाडी घेतली.

२ मे रोजी टोरांटोत झालेल्या सहाव्या सामन्यात ५५ सेकंद उरले असताना लीफ्स २-१ ने पुढे होते आणि फेस-ऑफ (दोन खेळाडूंमध्ये पक, म्हणजे रबरी चकती, टाकून खेळ सुरू करणे) त्यांच्याच गोलाजवळ होणार होता. बरोबरी साधण्यासाठी माँट्रियलचे प्रशिक्षक टो ब्लेक यांनी गोलरक्षकाला बाहेर बोलावून सहावा खेळाडू उतरवला. पकसाठी पुढे आला जाँ बेलिव्हो. लीफ्सचे प्रशिक्षक ‘पंच’ इम्लॅक (‘पंच’ हे टोपणनाव) यांच्याकडे डेव्ह कियॉनसारखा चपळ सेंटर, म्हणजे सहसा फेस-ऑफ घेणारा मधला आघाडीपटू, होता. प्लेऑफमधील (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतील) सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्माइथ करंडकही त्या वर्षी त्यालाच मिळाला. असे असताना इम्लॅक यांनी ४१ वर्षांच्या अ‍ॅलन स्टॅन्लीला, म्हणजे एका बचावपटूला, बेलिव्होसमोर का उभे केले? (स्टॅन्ली कपच्या नावाशी त्याच्या आडनावाचा संबंध नाही.) सोबतचे हॉर्टन, केली, पलफर्ड आणि आर्मस्ट्राँग हेही जुनेजाणतेच होते. ही जुन्या सोबत्यांना दिलेली मानवंदना होती की डावपेच?

शिवाय हे दोन संघ त्यानंतर अंतिम फेरीत कधीच का भेटले नाहीत, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन.

प्रतिसाद:

माझ्या मते हा निव्वळ डावपेच होता. आपल्या गोलाजवळचा फेस-ऑफ बचावपटूने घ्यायचा, ही जुन्या काळातली पद्धत. पक सुटताच तो अंगाने पुढे सरकून समोरच्याची वाट अडवत असे. स्टॅन्लीने नेमके तेच केले. पक केलीकडे गेला, त्याने तो पलफर्डला दिला आणि पलफर्डने आर्मस्ट्राँगला. ४७ सेकंद शिल्लक असताना आर्मस्ट्राँगने तो दुरूनच रिकाम्या गोलात धाडला. ३-१. बेलिव्होने अडथळ्याची तक्रार केल्याचे स्टॅन्ली पुढे सांगत असे. पंचांनी शिट्टी वाजवली नाही, एवढे खरे. ज्याच्या नावाच्या ‘टिम हॉर्टन्स’ कॉफी दुकानांत आपण रोज कॉफी पितो, तो टीम हॉर्टन त्या क्षणी बर्फावर होता हे लेखात जरूर लिहा.

दुसऱ्या शंकेचे कारण रचनेत आहे. पुढच्याच हंगामात लीगमधील संघ ६ वरून १२ झाले आणि सहाही जुने संघ एकाच विभागात टाकले गेले. अंतिम फेरी दोन विभागांच्या विजेत्यांत होई, त्यामुळे सुरुवातीची काही वर्षे ही गाठ अशक्यच होती. १९९३ मध्ये योग जवळ आला होता, पण लीफ्स लॉस एंजेलिस किंग्सकडून सातव्या सामन्यात हरले आणि करंडक माँट्रियलने नेला. १९९८ पासून दोन्ही संघ ईस्टर्न कॉन्फरन्समध्ये, म्हणजे लीगच्या पूर्व गटात, आहेत आणि प्रत्येक गटातून एकच संघ अंतिम फेरीत जातो. ही रचना आहे तोवर त्यांची गाठ अंतिम फेरीआधीच पडणार.