'प्रॅग्मॅटिक' म्हणजे नुसता व्यवहारी नव्हे

'प्रॅग्मॅटिक'ला 'व्यवहारी' हा प्रतिशब्द सुचवला गेलाय, तो मला पटत नाही. मराठीत कुणाला व्यवहारी म्हटलं की त्यात हिशेबीपणाची, आपल्यापुरतं पाहण्याची छटा येते. मूळ शब्दात ती असेलच असं नाही.

'प्रॅक्टिकल'शीही त्याची गल्लत होते. पावसाळ्यातली चप्पल प्रॅक्टिकल असते, प्रॅग्मॅटिक नसते. प्रॅग्मॅटिक असतो तो माणूस, त्याचा निर्णय, त्याचं धोरण. तत्त्वाला घट्ट धरून बसण्यापेक्षा आत्ता, या परिस्थितीत काय साधेल हे तो पाहतो. म्हणून एखाद्या पक्षाने विरोधकांशी युती केली की समर्थक तिला प्रॅग्मॅटिक म्हणतात आणि टीकाकार संधिसाधू!

शब्दाचं मूळ ग्रीक 'प्राग्मा', म्हणजे कृती, केलेलं काम. तत्त्वज्ञानात चार्ल्स पर्स, विल्यम जेम्स आणि जॉन ड्यूई या अमेरिकनांनी त्याला वजन दिलं. कल्पनेचा अर्थ तिच्या प्रत्यक्ष परिणामांत शोधायचा, हा त्यांचा आग्रह. मराठीत या विचाराला 'फलप्रामाण्यवाद' म्हणतात. किती नेमका शब्द आहे! डॉ. आंबेडकर १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते, तेव्हा ड्यूई त्यांचे प्राध्यापक होते. त्यामुळे हा विचार आपल्याला तितकासा परका नाही.

रोजच्या लिखाणात मात्र 'फलप्रामाण्यवादी' जड होतो. तिथे मी 'व्यवहार्य भूमिका' किंवा 'परिस्थिती पाहून घेतलेला निर्णय' असं लिहितो. माणसासाठी 'व्यवहारवादी' चालेल.