छातीवरील संवेदकासाठी कोणते वायरलेस मानक घ्यावे?

प्रश्न (जळगाव): आमच्या प्रकल्पातील छातीवर बांधायचा ईसीजी (हृदयाच्या विद्युत क्रियेचा आलेख) संवेदक ८०२.१५.४ या कमी वीज लागणाऱ्या, जवळच्या अंतराच्या वायरलेस मानकावर, २.४ गिगाहर्ट्झवर चालतो. परंतु वडील तो बांधून केळीच्या बागेत गेले आणि रिसीव्हर पाठीमागच्या खिशात राहिला, की नोंदी मध्येच तुटतात. अँटेना बदलावा की मानकच?

उत्तर (धुळे): दोष अँटेनाचा कमी आणि शरीराचा अधिक आहे. स्नायूंतील पाणी या वारंवारितेच्या लहरी शोषून घेते, त्यामुळे छातीपासून पाठीपर्यंतचे वीतभर अंतरही जड जाते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले ८०२.१५.६ हे मानक खास शरीरासाठी आहे आणि मधल्या एका नोडमार्फत (जाळ्यातील उपकरणामार्फत) संदेश पुढे पाठवण्याची सोय त्यात आहे. मात्र त्याच्या चिप शोधण्यातच तुमचे सत्र संपेल, असे मला वाटते.

उत्तर (भुसावळ): म्हणूनच ब्लूटूथ लो एनर्जी (कमी वीज लागणारा ब्लूटूथ) घ्यावे, म्हणजे मोबाइललाच थेट नोंदी मिळतील. शिवाय दुवा तुटल्यास संवेदकाने नोंदी स्वतःकडे साठवून, वेळेच्या शिक्क्यासह नंतर पाठवाव्यात.

प्रश्नकर्ता: रिसीव्हर सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवल्यावर नोंदी सलग आल्या. घड खांद्यावर घेताना मात्र आलेख अजूनही थरथरतो. तो बहुधा त्वचेला टेकणारा इलेक्ट्रोड सरकल्याचा परिणाम असावा.